तारेचा फास आणि दाताची चाल



मुलाच्या दातांना तार लावली, की घरची मंडळी दंतवैद्यास हमखास सांगतात, "डॉक्टर, जरा घट्ट करा, म्हणजे लवकर आटपेल." ही समजूत आम्हांला घातक वाटते, आज तिचाच विचार करू.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो व त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. हलका दाब सतत राहिला, की पुढच्या बाजूचे हाड विरते, मागे नवे भरते, आणि दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. दाब फार झाला तर वाहिन्याच चेपतात, तेथील पेशी मरतात, आणि ती जागा साफ होईपर्यंत दात जागचा हलत नाही. कार्ल सँडस्टेड यांनी १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांवरील प्रयोगांत हे दाखवले. शिवाय अतिदाबाने मूळही झिजू शकते.

मग तार हलकेच ओढावी, असे कोणी म्हणेल. पण आखूड पोलादी तार अंमळ वाकवली तरी जोर भलताच येतो, आणि दात किंचित हलताच तो सगळा संपतो. येथे गणित आपल्या मदतीस येते. तारेची लांबी दुप्पट केली तर ताठरपणा निम्मा होत नाही, एक-अष्टमांश होतो! हा हिशेब सरळ तारेचा. फासाचा थोडा निराळा, पण कल तोच. आता दोन दातांमध्ये जागा ती केवढी? म्हणून तार हिरडीकडे वर नेऊन परत खाली आणतात. चाळीतल्या खोलीत रुंदीला वाव नसला की आपण माळा काढतो, तशातलाच हा प्रकार.

परंतु लांबीने सगळे भागत नाही. चिखलात रोवलेला खांब वरून ढकलला तर सरकत नाही, कलतो. दाताचेही तसेच. तो उभाच्या उभा न्यायचा तर ओढीबरोबर पीळही हवा. एकमुळी दाताला १०० ग्रॅम ओढीमागे सुमारे १००० ग्रॅम-मिलिमीटर, म्हणजे दहास एक, असे हे प्रमाण पडते. साध्या उभ्या फासाने हे प्रमाण त्याच्या उंचीपलीकडे जात नाही; आणि सहा-सात मिलिमीटरांहून फार उंच फास केला तर तो ओठाच्या आत रुतू लागतो. म्हणून अमेरिकेतील चार्ल्स बर्स्टोन आणि कोनिग यांनी १९७६ साली रोमन 'टी' अक्षरासारख्या फासाचा हिशेब मांडला. त्यात जास्तीची तार वर, हिरडीजवळ, आडवी पसरते. ओढ कमी होते, पीळ वाढतो. उरलेली तूट फासाचे दोन्ही हात आधीच तिरपे वाकवून भरून काढतात. पुढे १९८० साली बर्स्टोन व गोल्डबर्ग यांनी बीटा-टायटॅनियमची तार पुढे आणली. तिचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे ४० टक्के.

एवढा नाजूक हिशेब त्या इवल्या वाकणात असतो. मूल कडक चिक्की फोडते, किंवा गालाला टोचतो म्हणून फास बोटाने दाबते. दुखत काहीच नाही, म्हणून कोणाच्या ध्यानीही येत नाही; आणि पुढच्या भेटीपर्यंत दात भलत्याच दिशेने कलत राहतो.