रिटर्नवरचा आकडा कोणाचा?

(उलवे येथें टॅक्सी चालविणाऱ्या बांधवांच्या बैठकींत केलेलें भाषण)



आज दोन-दोन फेऱ्या बुडवून तुम्ही येथें बसलां आहां, तेव्हां आम्ही लगेच मुद्द्यावर येतों. विषय प्राप्तिकराच्या रिटर्नचा आहे. हें नांव काढलें कीं आपले लोक म्हणतात, "मास्तर, ती श्रीमंतांची कटकट, आपल्याला काय त्याचें?" असें वाटण्यास कारणही आहे. आपल्या वाडवडिलांनीं सारा भरला, पट्ट्या भरल्या. पण शेतीच्या उत्पन्नावर हा कर नाहीं, त्यामुळें त्याचा कागद आपल्या उंबऱ्यावर कधीं आलाच नाहीं. आतां दिवस पालटले. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठीं इकडच्या ९५ गांवांची जमीन गेली. भातखाचरें गेलीं, मिठागरें गेलीं. त्या घरांतलीं मुलें, आणि सातारा-सांगलीकडून पोटामागें आलेलीं मुलें, आज पिवळ्या नंबरप्लेटची गाडी चालवितात. २५ डिसेंबर २०२५ पासून येथल्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं, तेव्हां भाड्याच्या आशेनें गाड्या तिकडेही उभ्या राहूं लागल्या.

गाडीवाला ओला, उबर किंवा रॅपिडो यांच्या ॲपवर भाडें घेतो. पण प्राप्तिकराच्या हिशेबांत तो त्यांचा नोकर धरला जात नाहीं, तो स्वतंत्र धंदेवाला. नोकराला मालक वर्षाअखेर पगाराचा दाखला देतो. धंदेवाल्यानें आपला दाखला आपणच लिहावयाचा. रिटर्न म्हणजे तोच दाखला. सुताराची, शिंप्याची, गवंड्याची गोष्टही याहून वेगळी नाहीं.

हा दाखला लिहिणें सोपें व्हावें म्हणून कायद्यानें लहान धंदेवाल्यास एक सोय दिली आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आंत असेल तर खर्चाची एकेक पावती दाखवावी लागत नाहीं. बँकेंतून किंवा फोनवरून आलेल्या भाड्यावर शेंकडा ६ आणि रोख भाड्यावर शेंकडा ८ इतकें उत्पन्न धरलें तरी चालतें. १९६१ च्या कायद्यांत हें कलम ४४ एडी होतें. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, सोय राहिली. २०२५-२६ सालचा हिशेब मात्र जुन्याच कायद्यानें द्यावयाचा. यासाठीं ४ नंबरचा फॉर्म आहे, त्याला 'सुगम' म्हणतात. सरकारच्या संकेतस्थळावर तो फुकट भरतां येतो. खाजगी कंपन्यांचें सॉफ्टवेअरही मिळतें. तें प्रश्न विचारतें, तुम्हीं उत्तर द्यावें, बेरीज-गुणाकार तें करतें. आमच्या वर्गांत गणिताच्या तासाला ज्यांनीं दांडी मारली त्यांनाही हें जमतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

पण बेरीज बरोबर आली म्हणजे हिशेब खरा झाला असें नव्हे. समजा, एका गाडीचें भाडें महिन्याला ८० हजार, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार होतें. त्यांतले ६ लाख बँकेंतून आले, ३ लाख ६० हजार रोख. सॉफ्टवेअर पहिल्या रकमेवर ३६ हजार आणि दुसरीवर २८ हजार ८०० धरतें. मिळून वर्षाचें उत्पन्न ६४ हजार ८००. कर शून्य. गाडीवाला खूष होतो, बटण दाबतो आणि चहा प्यायला जातो.

त्यानें थांबून तो आकडा वाचावयास हवा होता. ६४ हजार ८०० म्हणजे महिन्याला ५ हजार ४००. रोज बारा तास चाकामागें बसणाऱ्या माणसानें सरकारला लिहून दिलें कीं, मी महिन्याला ५ हजार ४०० रुपये मिळवितों! एवढ्यांत या भागांत खोलीचें भाडें तरी निघेल काय? खरा हिशेब मांडून पाहा. ८० हजारांतून कंपनीचा हिस्सा १६ हजार, सीएनजीचे २० हजार, आणि टोल, विमा, दुरुस्ती मिळून ८ हजार वजा करा. ३६ हजार उरले. वर्षाचे ४ लाख ३२ हजार. गाडीची झीज आणि कर्जाचें व्याज यांपोटीं १ लाख ३२ हजार काढले तरी ३ लाख राहतात. हे त्याच्या घामाचे ३ लाख.

शेंकडा ६ आणि ८ ही खालची हद्द आहे. प्रत्यक्षांत अधिक मिळालें असेल तर अधिक लिहावें, असें फॉर्मवरच म्हटलें आहे. परंतु सॉफ्टवेअर त्या चौकटींत बहुधा कमींत कमी आकडा आधींच घालून ठेवतें, आणि दुसऱ्यानें भरलेली चौकट खोडण्यास आपला हात धजत नाहीं. खोडा! वाढवून लिहितां येतें. त्यानें कर वाढेल ही भीति असेल, तर २०२५-२६ सालीं नव्या कररचनेंत ४ लाखांपर्यंत कर नाहीं आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर सवलतीनें माफ होतो. म्हणजे ६४ हजार लिहा कीं ३ लाख लिहा, कर शून्यच. खरें लिहिण्यांत कांहीं जात नाहीं. न लिहिण्यांत पुष्कळ जातें.

आमच्या शाळेंत शिकलेला एक मुलगा दुसरी गाडी घ्यावयास निघाला. बँकेच्या साहेबानें तीन वर्षांचीं रिटर्न मागितलीं. तिन्हींवर साठ-सत्तर हजार. साहेब म्हणाला, "तुमच्या वर्षाच्या कमाईहून आमचे वर्षाचे हप्तेच दुप्पट होतात." मुलगा म्हणाला, "साहेब, मी याहून पुष्कळ मिळवितों." साहेबानें त्याची सही दाखविली आणि कागद परत केला. पुढें त्यानें ज्या व्याजानें बाहेरून पैसे उचलले तें येथें सांगण्याजोगें नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे, पण धंदा रस्त्याचा, म्हणून सांगणें भाग आहे. अपघातांत कर्ता माणूस गेला तर त्याच्या बायकापोरांस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावें लागतें. तेथें भरपाई मृताच्या वयावरून आणि उत्पन्नावरून ठरते. उत्पन्नाचा पुरावा म्हणून रिटर्नला मोठें वजन आहे. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही रिटर्नमधील आकड्यावरच उत्पन्न धरण्याचा निकाल दिला. नवरा जास्त मिळवीत होता, हें त्या बाईनें कोणत्या तोंडानें सांगावें? त्याच्याच हातचा कागद आड येतो.

न वाचतां सही करण्याची किंमत आपल्या लोकांना नवी नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुप्याच्या बाजारीं शेतकरी उठले ते सावकारांचीं खतें आणि वह्या हस्तगत करण्यासाठीं. अंगठा आपला आणि आंतला आकडा दुसऱ्याचा, हें त्यांचें दुखणें होतें. आज वही फोनमध्यें गेली आहे आणि लिहिणारा गल्लींतला एजंट आहे. तो थोडक्या पैशांत रिटर्न भरून देतो, "परतावा काढून देतों" म्हणतो, आणि नोंदींत ईमेल स्वतःचा घालतो. १४ जुलै २०२५ रोजीं प्राप्तिकर खात्यानें देशभर तपासणी सुरू केली, तींत असे एजंट सांपडले. खोट्या वजावटी लावून परतावे काढले होते. ढिगांनीं रिटर्न भरण्यापुरते ईमेल उघडून मग सोडून दिले होते. नोटिसा त्या बेवारशी ईमेलवर पडून राहिल्या, आणि ज्याच्या नांवाच्या त्याला पत्ताच नाहीं! सगळेच असे नसतात. जाणता करसल्लागार फी घेऊन नीट काम करतो. त्याच्याकडे अवश्य जावें. पण ईमेल आणि फोन नंबर आपलाच द्यावा.

परतावा हा खऱ्या हक्काचाही असतो. ॲपवरच्या भाड्यांतून कंपनीनें कर कापून सरकारांत भरावा, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला. आधीं दर शेंकडा १ होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून हजारीं १ झाला. पॅन किंवा आधार दिलेला असून वर्षाचें भाडें ५ लाखांपर्यंतच असेल तर कापावयाचा नाहीं. आपल्या उदाहरणांतल्या गाडीचे जुन्या दरानें ९ हजार ६०० कापले जात, नव्या दरानें ९६०. कर लागत नसेल तर हा पैसा आपला. पण तो मुदतींत रिटर्न भरून मागावा लागतो. मुदत टळल्यावर कांहीं वर्षांपर्यंत अद्ययावत रिटर्न भरण्याची वाट आहे, तिनें परतावा मिळत नाहीं. आणि उलाढालीच्या चौकटींत बँकेंत जमा झालेली रक्कम लिहूं नका, गिऱ्हाइकानें दिलेलें पुरें भाडें लिहा. सरकारजवळच्या वार्षिक माहितीपत्रकांत तोच आकडा असतो. मालवाहू गाडीची चौकट शेजारीच आहे, ती टेम्पोवाल्यांची, टॅक्सीची नव्हे.

गांवीं ज्यांची जमीन आहे त्यांनीं मात्र कान द्यावा. शेतीचें उत्पन्न वर्षाला ५ हजारांपर्यंत असेल तरच 'सुगम' फॉर्म चालतो. भावानें पिकविलें तरी तुमच्या वाट्याला खर्च वजा जातां त्याहून अधिक येत असेल, तर ३ नंबरचा फॉर्म भरावा. सॉफ्टवेअर शेतीविषयीं विचारतें तेव्हां "तिच्यावर कर कोठें आहे?" म्हणून लोक शून्य घालतात. प्रश्न कराचा नसतो, उत्पन्नाचा असतो. ३ नंबरचा फॉर्म लांब आहे इतकेंच. अंदाजी उत्पन्नाची सोय त्यांतही मिळते.

फॉर्म पाठविला म्हणजे काम संपलें असें नाहीं. ३० दिवसांच्या आंत आधारच्या ओटीपीनें त्याची पडताळणी करावी लागते. न केली तर रिटर्न भरलेंच नाहीं असें धरतात.

आतां फोन काढा. सरकारच्या संकेतस्थळावर आपला पॅन घालून आपलें खातें उघडा, आणि आपल्या नांवाखालीं ईमेल कोणाचा व फोन नंबर कोणाचा आहे तें आधीं पाहा. ज्यांचा आपला नसेल त्यांनीं हात वर करावा. आम्ही आणि आमच्याबरोबर आलेल्या वरच्या वर्गांतल्या दोन मुली तुमच्यापाशीं येऊन बसतों.