तालीम आणि तानपुरा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला प्रवासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा काश्मीर किंवा केदारनाथ ऐकावयास मिळेल असे आपणांस वाटले असेल. मी मात्र आपणांस कोल्हापुरास नेणार आहे. जिंतूरहून तेथे पुष्कळ मंडळी जातात. अंबाबाईचे दर्शन घेतात, चपला घेतात, तांबडा-पांढरा रस्सा चाखतात आणि परततात. मीही दोन वेळा तसाच परतलो. तिसऱ्या खेपेस मुक्काम लांबला आणि मला दुसरेच कोल्हापूर भेटले.

इंग्लंडातील लिव्हरपूल जसे बीटल्स मंडळींच्या गाण्यासाठी आणि फुटबॉलसाठी जगभर ओळखले जाते, तसे आपल्याकडे गाणे आणि फुटबॉल या दोहोंचे माहेर म्हणजे कोल्हापूर. प्रथम गाण्याचे सांगतो.

जयपूरजवळच्या उणियारा गावी १८५५ साली जन्मलेले अल्लादियाखाँसाहेब १८९५च्या सुमारास शाहू महाराजांच्या आश्रयास आले. तरुणपणी आमलेटा येथील दरबारात अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला आणि पुढे परत आला तो पूर्वीसारखा नव्हताच. दुसरा एखादा तानपुरा खुंटीला अडकवून बसला असता! खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेशी, लयीशी घट्ट विणलेली, वळणावळणाची नवी गायकी बांधली. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो ते या मोडलेल्या आवाजातून उभे राहिले. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीत घालून अंतराळात पाठविण्यात आली. व्हॉयेजर-१ सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी बाईंचे निधन झाले. कोठे उणियारा, कोठे कोल्हापूर आणि कोठे ते तारामंडळ!

आता फुटबॉल. कोल्हापुरातील तालमी मुळात कुस्तीच्या. लाल मातीत शड्डू ठोकणाऱ्या पोरांच्या पायात संस्थानी काळातच चेंडू आला आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली. गंमत अशी की संघांची नावे तालमींचीच राहिली : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर मी सामना पाहावयास बसलो, तेव्हा शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, "पावणं, तुमची पेठ कंची?" मी म्हटले, "मी जिंतूरचा." ते म्हणाले, "असू दे. पर आज कुणाकडनं?" तटस्थ प्रेक्षक ही वस्तू तेथे कोणास ठाऊकच नाही! ही ईर्ष्या कधी हातघाईवरही येते, हा दोष मी लपवीत नाही. पण २०१७ साली आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हेही विसरता येत नाही.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, "त्यांना महाराज होते, आपल्याला कोण आहे?" हा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठीच मी आज उभा आहे. १९२२ साली शाहू महाराज गेले. दरबारचा आश्रय सरला तसे खाँसाहेब मुंबईस गेले आणि १९४६ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. १९४९ साली संस्थानही विलीन झाले. मग मागे काय उरले? जे लोकांनी आपले मानले तेवढेच उरले. फुटबॉल उरला, कारण तो पेठेपेठेने आपल्या अंगावर घेतला. गाणे सारेच गेले नाही, कारण १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब होता आणि खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्यासारखे शिकविणारे होते. राजाने दिलेले राजाबरोबर जाते. गावाने सांभाळलेले गावाबरोबर राहते.

याची साक्ष मी केशवराव भोसले नाट्यगृहापाशी पाहिली. शाहू महाराजांनी बांधविलेले, १९१५ साली खुले झालेले हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती! काळवंडलेल्या भिंतींसमोर कलावंतच नव्हे, तर साधी प्रेक्षक मंडळीही रडली. ते पुन्हा उभे करण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. मला त्या भिंतींपेक्षा ते रडणारे प्रेक्षक मोलाचे वाटतात. आपल्या गावची एखादी वास्तू उद्या जळाली तर तिच्यासमोर कोण उभे राहील, हा विचार परतीच्या गाडीत मला सोडीना.

मंडळी, आपल्या मराठवाड्याला दरबारी गवई लाभले नसतील. पण गंगाखेडच्या जनाबाईंची परंपरा आपल्याच जिल्ह्याची आहे. आपल्या गल्लीतून भजनाचा मृदंग ऐकू येतो आणि पोरांना मोकळी जागा दिसली की ती धावत सुटतात. उणीव आहे ती "हे आमचे" असे म्हणणाऱ्या चार माणसांची. एका गल्लीने एक मैदान आणि दुसऱ्या गल्लीने पेटी-तबल्यासाठी एक खोली सांभाळली, तर मला पुरे. आवाज बसला म्हणून खाँसाहेब थांबले नाहीत. महाराज नाहीत म्हणून आपण का थांबावे?

कोल्हापुरास जाल तेव्हा देवीचे दर्शन अवश्य घ्या. पण एक संध्याकाळ स्टेडियमवर आणि एक देवल क्लबात काढा. आणि परत आल्यावर कोणी विचारले, "तुमची पेठ कंची?" तर उत्तर तयार ठेवा.