घोड्याच्या बाजूनं



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मी शर्यतीचे घोडे, जॉकी आणि ट्रेनर यांच्यावर बोलणार आहे, हे कळल्यावर काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचं मी समजू शकतो. आपल्या वस्तीत 'रेस' म्हटलं की पगाराच्या दिवशी रिकाम्या हातानं घरी आलेला बाप आठवतो, सोनाराकडे गेलेलं मंगळसूत्र आठवतं. ते सगळं खरं आहे आणि त्यातला एक शब्दही मला खोडायचा नाही. माझं म्हणणं एवढंच, की मराठीनं शर्यत पाहिली ती फक्त जुगाऱ्याच्या घरातून. घोड्याच्या बाजूनं ती कधी पाहिलीच नाही. पैसे हरणारा माणूस आमच्या कथांत आला, नाटकात आला, सिनेमात तर धो धो आला. पण ज्याच्यावर त्यानं पैसे लावले तो घोडा, त्याच्या पाठीवर बसलेला शिंदे किंवा चव्हाण आडनावाचा पोरगा, पहाटे त्याला खरारा करणारा सईस, यांना आमच्या साहित्यात जागा मिळाली नाही.

आणि ही तक्रार मुंबईच्या या घोडपदेवमधून नाही करायची तर कुठून? १८८३ साली शर्यती महालक्ष्मीला गेल्या. त्याआधी त्या भायखळ्याला होत, म्हणजे इथून चालत जाण्याच्या अंतरावर. १८७४ पासून तीसेक वर्षं या शहराची ट्राम घोड्यांनी ओढली. परळला जनावरांचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे, तिथलंच पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. परळच्याच हाफकिन संस्थेत सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार होत आलं. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे त्या कामासाठी हाफकिनला दिले जात. तेच काम आपण का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. शेतात साप चावलेला कुणी शेतकरी वाचतो, तेव्हा त्यात कुठल्या तरी घोड्याचा वाटा असतो.

आमच्या चाळीत गिरणीतले एक जॉबर होते. शाळा चौथीपर्यंत. पण शनिवारी संध्याकाळी कठड्याला टेकून रेसचं पुस्तक उघडलं, की त्यांचं इंग्रजी कुठं अडायचं नाही. अमुक घोडा गेल्या वेळी ५४ किलो घेऊन धावला, जिंकला म्हणून आता ५९ चढवलेत; मागच्या खेपेला मैदान ओलं होतं, यंदा कडक आहे; त्या वेळी वर शिकाऊ पोरगा होता, आता मोठा जॉकी आहे. हे सगळं तोंडपाठ. पैसे ते बेताचेच लावायचे, पण मतं मात्र ठाम मांडायचे. पुराव्यानिशी मत मांडणं म्हणजे काय, हे मी समीक्षेच्या ग्रंथांआधी त्यांच्याकडून शिकलो. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ असल्याचा निकाल दिला. जॉबरांना त्या निकालाची गरज नव्हती.

तेव्हा आज मीही मतं मांडणार आहे, ठामपणे.

भारतात धावलेला सर्वांत मोठा घोडा कोणता? माझं उत्तर स्क्वाँडरर. १९ शर्यती, १८ विजय. १९७७ ची इंडियन डर्बी त्याची. तिहेरी मुकुटही त्याचाच: १६०० मीटरची गिनीज, २४०० ची डर्बी आणि २८०० ची सेंट लेजर. नव्वदच्या दशकातला एल्युसिव्ह पिम्परनेल पाहिलेली माणसं यावर हमरीतुमरीवर येतात आणि त्यांची बाजू लंगडी नाही. पण मला स्क्वाँडरर मोठा वाटतो तो या तीन अंतरांमुळे. १६०० मीटरला वेग लागतो, २८०० ला दम. वेगाच्या घोड्याला शेवटच्या चारशे मीटरमध्ये धाप लागते आणि दमाच्या घोड्याला सुरुवातीला पाय सुटेपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. दोन्ही एकाच अंगात असणं दुर्मीळ. ते ओळखून एका हंगामात तिन्ही वेळेला घोडा ताजा आणून उभा करणं, हे त्याचे ट्रेनर रशीद बायरामजी यांचं काम.

ट्रेनरमध्ये मी बायरामजींनाच पहिला मान देतो. त्यांच्या घोड्यांनी दहाहून जास्त वेळा डर्बी जिंकली, हे आहेच. पण ट्रेनरची खरी परीक्षा घोडा पळवण्यात नसते, थांबवण्यात असते. पहाटेच्या गॅलपनंतर घोडा परत येतो तेव्हा चांगला ट्रेनर आधी खाली वाकतो. गुडघ्याखालच्या शिरेवरून हात फिरवतो. कालच्यापेक्षा ती किंचित गरम लागली, तर आठवड्यावर आलेली मोठी शर्यत सोडून देतो. मालक रागावतो, वर्तमानपत्रं तर्क लढवतात. साडेचारशे-पाचशे किलोचा तो देह ताशी साठ किलोमीटरनं धावतो आणि एका क्षणी त्याचा सगळा भार मनगटाएवढ्या हाडावर येतो. ते हाड मोडलं तर बहुतेक वेळा घोडा तिथंच संपतो. म्हणून ती किंचित ऊब हाताला कळणं ही माझ्या लेखी मोठी विद्या आहे. डॅलस तोडीवालांनी २००६ मध्ये मिस्टिकल या आपल्या घोड्याला दुबईत नेऊन जिंकवलं, तेव्हा भारतीय ट्रेनरची ही विद्या परक्या मैदानावरही खरी उतरली.

आता जॉकी. पेसी श्रॉफ यांच्या नावावर आठ डर्बी आहेत, शंभराहून अधिक क्लासिक शर्यती आहेत. २००४ ला जॉकी म्हणून निवृत्त झाल्यावर ते ट्रेनर झाले आणि तिथंही अव्वल ठरले. आकड्यांनी मोजायचं तर वाद संपला. पण मला पांडू खाडे यांच्याबद्दल बोलायचं आहे. १९४३ ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं जिंकली. मालक बडोद्याचे महाराज, पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. तेव्हा रीतच होती: संस्थानिकांनी थंडीच्या हंगामासाठी इंग्लंड-ऑस्ट्रेलियातून जॉकी आणायचे आणि आपल्या पोरांनी सकाळी घोडे फिरवायचे, दुपारी लगाम साहेबाच्या हाती द्यायचा. खाडे यांनी ही रीत मोडली. पन्नास-साठच्या दशकांत ते साहेबांच्या बरोबरीनं उभे राहिले आणि मोठ्या शर्यतींत मालक त्यांचं नाव घेऊ लागले. त्यांच्या मागोमाग शामू चव्हाण आले, वसंत शिंदे आले. स्क्वाँडररच्या पाठीवर होते ते हेच शिंदे. देशातला सर्वांत मोठा घोडा आणि त्याचा लगाम एका मराठी माणसाच्या हातात. माझ्या माहितीत त्यांच्यावर मराठीत धड एक पुस्तक नाही, याची मला लाज वाटते.

कमी वयात गेलेला एक जॉकीही इथं आठवला पाहिजे. कार्ल उमरीगर. विशी उलटायच्या आत तो देशातल्या पहिल्या फळीत आला होता. १९७९ मध्ये महालक्ष्मीवर घोड्यावरून पडला आणि त्या जखमांनीच गेला. 'रेसवाले सुखात असतात' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की दर शर्यतीत जॉकींच्या मागून एक रुग्णवाहिका धावत असते. दुसरा असा कोणता धंदा आहे, मला सांगा.

अडथळ्यांवरून उड्या घेत धावायच्या शर्यती आपल्याकडे रुजल्या नाहीत. त्या विलायत-आयर्लंडच्या. पण त्यांतली एक गोष्ट मला या वस्तीत सांगावीशी वाटते. लिव्हरपूलजवळ एन्ट्री या मैदानावर १८३९ पासून ग्रँड नॅशनल ही शर्यत होते. चार मैलांहून जास्त अंतर आणि ३० उड्या. ती तीन वेळा जिंकणारा घोडा एकच, रेड रम: १९७३, १९७४ आणि १९७७. त्याचा ट्रेनर जिंजर मॅकेन टॅक्सी चालवायचा, जुन्या गाड्या विकायचा. त्याचा तबेला गाड्यांच्या दुकानामागं होता आणि हिरवळीचं मैदान नसल्यामुळे घोडा समुद्राच्या वाळूत पळायचा. रेड रमचे पाय दुखरे होते. वाळू आणि खारं पाणी त्याला मानवलं, असं पुढं सगळ्यांनीच मान्य केलं.

तरीही १९७३ च्या शर्यतीपुरतं माझं मत वेगळं आहे. त्या दिवशी क्रिस्प नावाचा घोडा सुरुवातीपासून एकटा पुढं होता. त्याच्या पाठीवर रेड रमपेक्षा २३ पौंड जास्त वजन होतं. शेवटच्या उडीनंतर त्याचे पाय वेडेवाकडे पडू लागले आणि अगदी रेषेजवळ रेड रमनं त्याला पाऊण लांबीनं मागं टाकलं. इतिहासात विजेता रेड रम. मोठी धाव क्रिस्पची. हँडिकॅपचा सगळा अर्थ या एका शर्यतीत आहे. चांगल्याच्या पाठीवर जास्त ओझं टाकायचं आणि मग सगळ्यांना एका रेषेत उभं करायचं. ओझ्याचा हिशेब न ठेवता नुसता निकाल वाचणारा माणूस शर्यतही चुकीची वाचतो आणि माणसंही. गिरणगावातल्या पोरांचे परीक्षेतले गुण वाचतानाही मला क्रिस्प आठवतो.

सपाट मैदानावरचा फ्रँकेल १४ पैकी १४ शर्यती जिंकून २०१२ मध्ये निवृत्त झाला. त्याचा ट्रेनर हेन्री सेसिल त्या काळात कर्करोगाशी झुंजत होता आणि पुढच्याच वर्षी गेला. अडथळ्यांच्या शर्यतीत टोनी मकॉय सलग २० हंगाम अव्वल जॉकी राहिला. फ्रँकेल आणि मकॉय, दोघंही थोरच. पण निवडायला सांगितलं तर मी मकॉयला वर ठेवीन, कारण रोज पडून रोज उठायचं आणि तेही वीस वर्षं, ही तपश्चर्या आहे. २०२१ मध्ये रेचल ब्लॅकमोर ही आयरिश बाई ग्रँड नॅशनल जिंकणारी पहिली स्त्री ठरली. आपल्याकडे रूपा सिंग हिनं व्यावसायिक जॉकी म्हणून बायकांची वाट त्याच्या कितीतरी आधी मोकळी केली. आणि घोड्यांतल्या माद्यांचं विचाराल, तर पहिली डर्बी घोडीनं जिंकली आणि २०१० ची जिंकणारी जॅकलिनही घोडीच.

डिक फ्रान्सिस हा अडथळ्यांच्या शर्यतीतला अव्वल जॉकी. १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये तो ब्रिटनच्या राजमातेच्या डेव्हन लॉक या घोड्यावर होता. सर्व उड्या पार पडल्या, जिंकायला काही पावलं उरली आणि घोडा एकाएकी पोटावर बसला. का, ते आजपर्यंत नक्की कळलेलं नाही. पुढं फ्रान्सिसनं लगाम सोडला, लेखणी धरली आणि शर्यतीच्या जगावर चाळीसच्या वर पुस्तकं लिहिली. ती जगभर वाचली गेली, कारण घामाचा, ओल्या कातड्याचा, तबेल्यातल्या गवताचा वास त्यांत खरा होता. आमच्याकडे असा अनुभव असलेली माणसं नव्हती, असं कोण म्हणेल? लिहायला बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. घोड्याला हात न लावलेल्या आम्ही लेखकांनी त्यांच्या वतीनं व्यसनाच्या गोष्टी लिहिल्या.

हे सगळं लिहून ठेवायला आता वेळ थोडा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. २०२४ मध्ये राज्य सरकारनं महालक्ष्मीची १२० एकर जागा उद्यानासाठी घ्यायचं आणि ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे ठेवायचं ठरवलं. शहराला बाग हवी, यात दुमत नाही. माझ्या नातवंडांनाही हवी. पण तबेल्यांच्या भोवती जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्यांचं पुढं काय, हे विचारणं लेखकाचं काम आहे. सईस, नालबंद, राइडिंग बॉय, रातिब कालवणारे, पॅडॉकमध्ये घोडा गोल फिरवणारे. त्यांच्याकडे शब्दांचा केवढा साठा आहे! घोड्याच्या चालीला, त्याच्या रुसण्याला, नाल बसला की नाही ते सांगणाऱ्या टापेच्या आवाजाला त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. बैलगाडा शर्यतीची बोली आपल्या ग्रामीण लेखकांनी निदान थोडी टिपली. ही बोली शहरात, आपल्या उशाशी असून निसटते आहे.

म्हणून या संमेलनाकडे माझी एक मागणी आहे. ठराव नको, ठरावांच्या फायली पुष्कळ झाल्या. इथल्या तरुण लेखकांपैकी ज्यांची तयारी असेल त्यांनी येत्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, पहाटे महालक्ष्मीला जावं. रीतसर परवानगी काढावी. जुन्या जॉकींना, सईसांना बोलतं करावं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं, शुद्ध करत बसू नये. पावसाळ्यात घोडे पुण्याला जातात, तिथं पुण्याच्या मित्रांनी हेच करावं. पांडू खाडे आणि वसंत शिंदे यांना धावताना पाहिलेली माणसं अजून आहेत, पण ती आता म्हातारी झाली आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करावी. छपाईचा पहिला खर्च मी उचलतो. नावं आज दुपारच्या सत्राआधी माझ्याकडे द्यावीत, मी मांडवातच आहे.