प्रकाशाचा रंग आणि औषधी वनस्पती

तुळशीला ऊन लागतें, हें प्रत्येक घराला ठाऊक आहे. परंतु त्या उन्हांतील कोणता रंग काय कार्य करतो, हा प्रश्न एल्. ई. डी. दिव्यांनीं पुढें आणला. निळ्या एल्. ई. डी.च्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अशा दिव्यांमुळें बंद खोलींतहि रोपांवर हवा तो रंग पाडतां येतो.

पानांतील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषून घेतें. तांबड्या प्रकाशानें अन्ननिर्मिति उत्तम होते. पण केवळ त्यावर वाढविलेलें रोप बहुधा लांबट होतें. निळ्या प्रकाशानें पानांचीं सूक्ष्म रंध्रें उघडतात व खोड आटोपशीर राहतें. म्हणजे प्रकाश वनस्पतीला शक्ति पुरवितो, तसाच संदेशहि देतो.

औषधीच्या बाबतींत येथेंच सावध राहावयास हवें. भाजी तागडींत तोलतां येते. औषधीचा गुण तिच्यांतील द्रव्यांत असतो. पानें भरघोस आलीं म्हणून तो वाढलाच असें होत नाहीं. शिवाय एका वनस्पतीला मानवलेला रंग दुसरीला मानवेलच असेंहि नाहीं. म्हणून दिव्याखालच्या तुळशीची परीक्षा तिच्या उंचीवरून न करतां तिच्या तेलांतील युजेनॉलासारख्या द्रव्यांवरून करणें, हेंच शहाणपणाचें होय.