दादांची पिकअप



गॅदरिंगचे बाक वाहणारी आमच्या दादांची महिंद्रा पिकअप आठवते? कित्येक वर्षं गोठ्यामागे गंजत होती. गेल्या दिवाळीत मी ती कामाला काढली. इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी सरळ नावं कुणी देत नाही! हौद्याचा पत्रा बदलला, हीटर प्लग नवे घातले. फाळक्यावरचा पोचा मात्र ठेवला. निरोप समारंभाचं स्टेज उतरवताना तो आपणच पाडलेला.

दादांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मी पहिल्यांदा सेल्फ मारला, इंजिन नुसतंच खोकलं. ओट्यावरून दादा म्हणाले, “हीटर जरा जास्त धर.”

धरला. सुरू झाली.