नकलेतील चूक आणि चुकलेली गोळी

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आरोग्यसेविका, आशा कार्यकर्त्या व समुपदेशक यांच्यापुढे केलेले भाषण)



दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कितीतरी घरांची दारे बंद होतात. भातकापणी उरकलेली असते, हाताला काम उरत नाही, आणि माणसे मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर निघतात. ती परततात मृगाच्या तोंडाशी. या सहा-सात महिन्यांचा एका विषाणूच्या विकराशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तोच आज सांगावयाचा आहे.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस आहे. त्याचा जनुकीय मजकूर आरएनएच्या रूपात असतो आणि तो डीएनएमध्ये उतरविणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याने स्वतःबरोबरच आणलेले असते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे त्याचे नाव. हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली अन्य रेट्रोव्हायरसांत त्याचा शोध लावला.

हा नकलनवीस मोठा निष्काळजी! लिहिलेले तो पुन्हा तपासून पाहत नाही. सुमारे ९,७०० अक्षरांचा मजकूर उतरविताना दर काही नकलांमागे एखादी चूक राहतेच. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी विषाणू निर्माण होतात. तेव्हा चुकांना, म्हणजेच उत्परिवर्तनांना, तोटा नाही. त्यांतील पुष्कळशा विषाणूलाच घातक ठरतात. काही मात्र त्याच्या कामी येतात.

लॅमिव्ह्युडीन हे औषध डीएनएच्या एका अक्षराची हुबेहूब बतावणी करते. विकर ते साखळीत गुंफते आणि साखळी तेथेच खुंटते. पण विकराच्या १८४ व्या स्थानी मेथिओनीनऐवजी व्हॅलीन आले, की त्या जागी औषधाला अडसर होतो. खरे अक्षर मात्र बसते. गंमत अशी, की या बदलाने विकराची स्वतःची कार्यक्षमताही घटते. औषध थांबले की मूळचा जोमदार विषाणू पुन्हा वरचढ होतो. बदललेल्याची नोंद मात्र पेशींच्या डीएनएत दडून राहते आणि तेच औषध सुरू करताच तो पुन्हा डोके वर काढतो.

१०३ व्या स्थानी लायसीनऐवजी अॅस्परजीन आल्यास नेव्हिरॅपीन व एफाव्हिरेन्झ निष्प्रभ होतात आणि विकराला त्याची फारशी किंमतही मोजावी लागत नाही. एफाव्हिरेन्झ रक्तात दीर्घकाळ रेंगाळते. तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबली, तर जोडीची दोन आधी ओसरतात आणि हे एकटेच मागे उरते. एकट्या औषधाशी झुंजणे विषाणूला सोपे जाते. रुग्णाला वाटते, आपण सर्वच औषधे सोडली. विषाणूच्या दृष्टीने मात्र तो काही दिवस एकाच औषधाचा उपचार असतो.

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासनाने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. आता टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडीन यांच्या जोडीला डोल्युटेग्रॅव्हिर असते. ते इंटिग्रेज या दुसऱ्याच विकराला रोखते आणि त्याविरुद्ध टिकाव धरणे विषाणूस बरेच कठीण जाते. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. वारंवार खंड पडला, तर अर्धवट औषधाच्या छायेत चुकांना निवड होण्याची संधी मिळते.

म्हणून भट्टीवर जाणाऱ्या रुग्णाला केवळ "गोळ्या चुकवू नका" एवढे बजावून भागणार नाही. भट्टीचे काम पहाटे सुरू होते, राहणे उघड्या खोपटात, शेजारी नात्यागोत्याची माणसे. गोळ्यांची बाटली कोणी पाहील, या भीतीने ती घरीच ठेवून जाणे सोपे वाटते. त्यास दोष देणे अन्यायाचे होईल.

प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास एकापेक्षा अधिक महिन्यांचे औषध देण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्गही करता येतात. २०१७ च्या कायद्याने त्याच्या आजाराची माहिती गोपनीय राखणे बंधनकारक केले आहे. मुकादमाला काही सांगण्याचे त्यास कारण नाही. १०९७ हा मदत क्रमांकही विनाशुल्क आहे. दसऱ्याच्या सुमारास पाड्यावर जाल, तेव्हा अशा रुग्णास एकांतात गाठून तो कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार, किती महिने राहणार आणि गोळ्या कोठे ठेवणार, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.