म्हातारपणाचा व्यापार आणि जोखमीचा धनी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ‘रुपेरी अर्थव्यवस्था’ असा एक शब्दप्रयोग रूढ होऊ लागला आहे. केस पिकलेल्या माणसांच्या गरजांवर उभा राहणारा व्यापार, असा त्याचा अर्थ. वृद्धांच्या वसाहती, घरपोच शुश्रूषा, विमा, उपकरणे यांत गुंतवणुकीला मोठा वाव आहे, असे सांगितले जाते. गरज खरीच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. महाराष्ट्रात दर दहा माणसांत जवळजवळ एक. एकत्र कुटुंबाच्या आठवणी काढून ही गरज भागणार नाही. आपला प्रश्न निराळा आहे : या व्यापारातला नफा कोणाच्या पदरात पडणार, आणि तो बुडाला तर जोखमीचा धनी कोण?

ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. ‘सदर्न क्रॉस’ ही तेथील वृद्धनिवास चालविणारी सर्वांत मोठी कंपनी. २००४ साली ‘ब्लॅकस्टोन’ या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने ती विकत घेतली. पुढे इमारती एकीकडे आणि सेवा दुसरीकडे, अशी वाटणी झाली. इमारती मालमत्तेत पैसा गुंतविणाऱ्यांच्या हाती गेल्या. वृद्धांची सेवा करणारी कंपनी भाडेकरू बनली. २००६ साली कंपनी शेअर बाजारात उतरविण्यात आली आणि लवकरच मूळ गुंतवणूकदार नफा घेऊन मोकळा झाला. मागे उरले ते करारानुसार दरवर्षी वाढत जाणारे भाडे.

बहुसंख्य रहिवाशांचा खर्च तेथील स्थानिक स्वराज्य संस्था देत असत. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर सरकारी काटकसर सुरू झाली, त्यांचे दर गोठले, खाटा रिकाम्या राहू लागल्या. उत्पन्न घटत होते आणि भाडे चढत होते. जून २०११ मध्ये कंपनीने भाड्याचा तीस टक्के भाग रोखून धरला. काही आठवड्यांतच सुमारे ७५० निवास आणि ३१,००० वृद्ध दुसऱ्या चालकांकडे सोपविण्याची वेळ आली. २०१९ साली ‘फोर सीझन्स’ ही तशीच मोठी कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

यात कोणी तिजोरी फोडली नव्हती. प्रत्येक व्यवहार कायदेशीर होता. आणि बोध तोच आहे! दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने कोठे जावे? अखेर २०१४ च्या कायद्याने, चालक बुडाल्यास वृद्धांची सेवा खंडित न होऊ देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. म्हणजे नफा खासगी राहिला आणि जोखीम सार्वजनिक झाली.

आता आपल्याकडे पाहा. आयुष्याची कमाई अनामत म्हणून द्यायची, वर दरमहा शुल्क भरायचे, अशा अटींवर वृद्धनिवासांत प्रवेश मिळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा हवालदिल झालेले ज्येष्ठ ठेवीदार आपण पाहिले. बँकेतील ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. वृद्धनिवासातील अनामतीला तेवढेही नाही. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, हे स्वागतार्ह आहे. पण त्यांचा रोख मुख्यतः उद्वाहन, उतार, दरवाजे, न्हाणीघर अशा बांधकामावर आहे. इमारतीला नियम आणि सेवेला मात्र विश्वास, हा न्याय चालणार नाही.

या व्यापाराचा दुसरा पाया म्हणजे स्वस्त श्रम. शहरात रुग्णाची उठबस करायला येणारी ‘मावशी’ बहुधा ब्यूरोमार्फत येते. ब्यूरो आपले कमिशन कापून घेतो. दुसऱ्याचे म्हातारपण सांभाळणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद कोठे आहे?

आणि ज्याच्यापाशी अनामतच नाही, तो तर या बाजाराच्या हिशेबातच नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे. पण शब्दयोजना अशी की सरकार तो स्थापन ‘करू शकेल’. ‘करील’ असे कायदा म्हणत नाही. या एका क्रियापदात गरीब म्हाताऱ्यांचे नशीब अडकले आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली ठरलेल्या किमान एक हजार रुपयांवर कोणता बाजार कोणाला दारात उभे करील?

खासगी उद्योजकाला बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. परंतु चार मागण्या आपण वस्तीवस्तीतून उभ्या केल्या पाहिजेत. रहिवाशांची अनामत स्वतंत्र विश्वस्त खात्यात राहावी, चालकाला ती धंद्यात वापरता येऊ नये. इमारत गहाण टाकण्यापूर्वी वा विकण्यापूर्वी रहिवाशांना सूचना आणि राहण्याच्या हक्काची हमी मिळावी. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि त्यांच्या सहकारी संस्थांना सरकारी कामात अग्रक्रम मिळावा. आणि १९ व्या कलमातील ‘करू शकेल’चे ‘करील’ व्हावे.

कामाची सुरुवात मोर्चाने नव्हे, चौकशीने करा. आपल्या जिल्ह्यात सरकारी वृद्धाश्रम आहे काय, खासगी निवासांचे करारनामे काय म्हणतात, ब्यूरो किती कमिशन कापतो, हे प्रत्येक शाखेने नोंदवून आणावे. अपुऱ्या माहितीवर दिलेली घोषणा हवेत विरते. खऱ्या नोंदींवर उभी केलेली मागणी मात्र टाळता येत नाही.